न झाडलेली खोली

पिंपळझिरा गावात येऊन आठवडा होत नाही तोच डॉ. निमा बेठेकरनं निम्म्या गावातल्या बायकांचा राग ओढवून घेतला, आणि तोही एका साध्या प्रश्नापायी. ती दारोदार जायची, हात जोडायची आणि विचारायची, "काकू, तुमच्या घरात जुनी जळमटं आहेत का?"

आता हे काय विचारणं झालं? पिंपळझिऱ्याच्या बायका पोळ्याआधी एकदा, महालक्ष्म्यांआधी दुसऱ्यांदा आणि दिवाळीआधी तिसऱ्यांदा लांब बांबूला फडा बांधून आढं लख्ख करतात. जमीन झाडायला घरोघरी चाकाची यंत्रं आली, धुणं-भांडी यंत्रांनी घेतली, पण आढ्याची जळमटं अजून बाईच्याच हातची होती आणि त्याचा बायकांना अभिमान होता. शेजारची राऊतीण तर दारातच कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माह्या घरी एक जळमट दाखव. तुले साडी नेसवतो!"

निमा परत आली ती वनमालाबाई काळबांड्यांच्या ओसरीवर पाय पसरून बसली. सर्वेक्षणाचे दिवस संपेपर्यंत वनमालाबाईंनी तिला पुढची खोली राहायला दिली होती. मुलगी धारणीकडची, कोरकू घरातली. वय तिशीचं, शिक्षण कोळ्यांवरचं, आणि अंगावर मांस म्हणाल तर तेही कोळ्याइतकंच. वनमालाबाईंचा मुलगा हैदराबादला, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. ज्वारीची भाकरी दुसऱ्यांदा मागून घेणारं माणूस घरात आलं, याचाच त्यांना कोण आनंद झाला होता.

"काहून व, तोंड काहून पाडलं?" त्यांनी विचारलं.

"मावशी, अख्ख्या गावात एक जळमट नाही."

"नसनच. आमी काय आळशी हाओत?"

एवढं बोलून वनमालाबाईंनी कमरेची डबी काढली, चिमूटभर तपकीर नाकात ओढली आणि पदरात शिंकल्या. निमाकडे बघायचं मात्र त्यांनी टाळलं. कारण गावात एक खोली अशी होती, जिच्यात वीस-बावीस वर्षांत फडा फिरला नव्हता, आणि ती त्यांच्याच भिंतीपलीकडे होती.

जेवताना निमानं त्यांना सगळं समजावून सांगितलं.

गावाच्या उत्तरेला सातपुड्याचं रान आहे. गावकरी त्याला नुसतं 'उत्तरेचं रान' म्हणतात. पाच-सहा वर्षांपूर्वी तिथे मोठा वणवा लागला. झाडं पुन्हा फुटली, गवत आलं, हरणंसुद्धा परतली. पण पाना-खोडावर राहणाऱ्या कोळ्यांच्या निम्म्या जाती परतल्या नाहीत. पानं कुरतडणाऱ्या किड्यांना खाणारंच कुणी उरलं नाही, आणि सागाची कोवळी रोपं दर पावसाळ्यात चाळण होऊ लागली. दूरच्या जंगलांतून कोळी आणून इथे सोडायची योजना तयार होती. अडचण एकच होती. वणव्याच्या आधी या रानात कोणकोणते कोळी होते, हे कुणी कधी मोजलंच नव्हतं.

"मंग आता कसं मोजतं? गेलं ते गेलं," वनमालाबाई म्हणाल्या.

"गेलं नाही, मावशी. चिकटलंय."

प्रत्येक जिवंत वस्तू सतत झडत असते, निमा सांगू लागली. कातडीचा कोंडा, पंखाची भुकटी, परागकण, थुंकीचा तुषार असं काहीबाही हवेत उडत असतं, आणि त्या प्रत्येक कणात तो कुणाचा आहे हे जनुकांच्या अक्षरांत लिहिलेलं असतं. कोळ्याचं जाळं चिकट असतं. त्यात माशी अडकते तसे हे कणही अडकतात. शिवाय कोळ्याची पिल्लं जन्मली की धाग्याचं एक टोक वाऱ्यावर सोडतात आणि त्या धाग्याला लटकून कोसभर उडत जातात. रानातली अशी हजारो पिल्लं गावात येऊन पडतात, जाळ्यांत अडकतात, मरतात. बंद, कोरड्या खोलीत जुन्या जाळ्यावर नवं जाळं, त्यावर धूळ, त्यावर पुन्हा जाळं असे थर साचत जातात. निमाच्या तपासणीच्या पेटीत प्रकाशाची एक बारीक सुरी होती. ती हे थर एकेक करून सोलायची आणि वाचायची. वर्ष ओळखायची खूणही सोपी होती. उन्हाळा लागताना मोहाचे कण, पावसाळ्यात सागाच्या फुलोऱ्याचे, की झालं एक वर्ष.

"म्हणजे मला फक्त एक घाणेरडी खोली हवी आहे," निमा हसून म्हणाली. "उत्तरेला खिडकी असलेली."

वनमालाबाईंचा घास हातातच राहिला.

मधल्या खोलीचं प्रकरण असं होतं.

काळबांड्यांचं घर कौलारू, लांबट. भावाभावांत वाटणी झाली तेव्हा पूर्वेचं अर्धं थोरल्याला, म्हणजे वनमालाबाईंच्या नवऱ्याला मिळालं आणि पश्चिमेचं अर्धं धाकट्या दिगंबरला. मधली खोली महालक्ष्म्यांची. भाद्रपदात जेठी आणि कनिष्ठी या दोन बहिणी त्या खोलीत तीन दिवस माहेरपणाला यायच्या. देवाची खोली कापायची कशी, म्हणून ती सामाईक राहिली.

त्याच वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणावळीत राऊतिणीनं बोट वर केलं होतं. "व माय! कनिष्ठीच्या डोक्यावर जळमट!" सगळ्या बायकांच्या माना वर झाल्या. खरंच होतं. एवढंसं जाळं, आढ्याच्या कोपऱ्यात. वनमालाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "ते धाकटीचं काम होतं."

धाकटी, म्हणजे जोसना, पुरणाचं ताट घेऊन दारात उभी होती. नाव ज्योत्स्ना, पण गावात तिला कुणी ज्योत्स्ना म्हटलं नाही. अडीचशे पोळ्या लाटून तिचे हात सुजले होते. तिनं ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "मंग आता तुमीच काढजा, बाई."

वनमालाबाईंनी काढलं नाही. जोसनानं तर नाहीच. दुसऱ्या दिवशी देवींची बोलवण, म्हणजे पाठवणी झाली तेव्हा एकीनं जेठीचा मुखवटा उचलला, दुसरीनं कनिष्ठीचा, आणि दोघींनी आपापल्या बाजूनं खोलीला कुलूप घातलं. आता सांगा, एकटी जेठी कुठे बसते का? की एकटी कनिष्ठी? दोन बहिणी सोबतच यायच्या असतात. पण हट्टापुढे एवढंही कुणाला सुचलं नाही. त्या घरात पुन्हा महालक्ष्म्या बसल्या नाहीत आणि दोघी जावा पुन्हा एकमेकींशी बोलल्या नाहीत.

"मी त्या खोलीत पाय ठेवला नाई," हे वनमालाबाई गावाला अभिमानानं सांगायच्या.

ते खोटं होतं.

ज्या वर्षी गावात फुफ्फुसाच्या तापाची साथ आली, त्या वर्षी जोसना अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी घरात कुणाला जाऊ देऊ नका म्हणून सांगितलं. दुपारी दिगंबर संत्र्याच्या बागेत जायचा आणि पलीकडे सामसूम व्हायची. वनमालाबाईंना स्वयंपाकघरात बसवेना. शेवटी त्यांनी आपल्या बाजूचं कुलूप काढलं, जाळ्यांखालून वाकत वाकत मधली खोली ओलांडली आणि जोसनाच्या बंद दाराला कान लावून बसल्या. आत श्वास चालू होता. घरघर होती, पण चालू होता. त्या तिथेच बसून राहिल्या. मन घट्ट करायला तपकीर ओढली आणि शिंक पदरात दाबली.

जोसना बरी झाली, पण वनमालाबाईंची सवय गेली नाही. दुपारी जरा आडवं होण्याऐवजी त्या दाराशी जाऊन बसू लागल्या. पलीकडून जोसनाचं एकटीचं बोलणं ऐकू यायचं. "आज भाजीत मीठ जास्त झालं व माय." "औंदा संत्र्याचा आंबिया बहार चांगला हाय." "सुनेचा फोन आलता, पोरगी झाली म्हने." तापानं बिचारीच्या डोक्यावर परिणाम झाला, भिंतीशी बोलते, असं वनमालाबाईंना वाटायचं आणि जीव तुटायचा. नात झाल्याचं ऐकलं त्या दिवशी तर त्यांनी घरी येऊन एकटीसाठी शिरा केला होता.

आता निमा म्हणत होती की ही पेटी त्या खोलीतलं सगळं वाचणार.

"काय व," दुसऱ्या दिवशी तांदूळ निवडता निवडता त्यांनी अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "हे तुही पेटी मानसंबी सांगते का? कोन आलतं, कोन गेलतं?"

"सांगू शकते. पण कायद्यानं बंदी आहे. माणसाचा मजकूर लागला की पेटी तो न वाचताच पुसून टाकते. नाहीतर लोकांनी एकमेकांच्या घरातली जाळी पळवली असती."

"पुसते म्हंजे? पक्कं पुसते?"

"पक्कं. का हो?"

"काई नाई. आपलं इचारलं."

तरी त्यांनी खोलीचं नाव काढलं नाही. नाव काढलं ते जोसनानं. निमा तिच्या दारी गेली आणि तोच प्रश्न विचारला, तर ती बाई रागावली नाही, लाजलीही नाही. लगेच म्हणाली, "हाय ना. मधल्या खोलीत पायजे तेवढे जाळे हायत. माह्याकून हो म्हन. मोठ्या बाईले इचार."

निमा धावतच आली. "मावशी! तुम्ही सांगितलं का नाही?"

वनमालाबाईंना जोसनाचा राग आला, आणि आश्चर्यही वाटलं. हिला एवढी घाई कशाची? पण समोर ती मुलगी, डोळे चमकताहेत, आठवडाभराची वणवण चेहऱ्यावर दिसते आहे. तिला नाही म्हणायला जीभ रेटेना. आणि पेटी माणसाचं पुसते म्हणालीच होती.

"घे व बाई," त्या म्हणाल्या. "पन गावाले सांगू नको का माह्या घरी जळमटं हायत."

दोन्ही कुलपं निघाली. दोन दारांत दोघी जावा उभ्या राहिल्या आणि निमाच्या मार्फत बोलू लागल्या, जणू मध्ये नदी होती.

"तिले म्हन, माह्या बाजूचं कौल गळते, तथी जपून."

"मोठ्या बाईले म्हन, मले माहीत हाय."

निमा आत शिरली. आढ्यापासून गोधड्यांसारखी राखी जाळी लोंबत होती. लांब टांगांचे बारीक कोळी तिच्या श्वासानंही थरथरू लागले. खिडकीतून रानाचा वारा सरळ आत येत होता. पूर्वेचा कोपरा गळक्या कौलानं पुन्हा पुन्हा धुऊन निघाला होता, तिथली जाळी एक-दोन वर्षांचीच. पण पश्चिमेचा, जोसनाच्या दारावरचा कोपरा जसाच्या तसा होता. तळापासून वरपर्यंत सगळे थर शाबूत.

"आयो!" निमा अखेर म्हणाली. मग तिथेच फतकल मारून बसली आणि हसायला लागली.

पेटी चार दिवस चालू होती. पहिल्या दोन दिवसांत निमा जेवताना नुसती बडबडायची. सगळ्यात खालच्या जाळ्यात गहू सापडला, हरभऱ्याची डाळ, वेलदोडा, जायफळ आणि झेंडू. "मावशी, कुणीतरी त्या दिवशी पुरणपोळ्या केल्या होत्या!" वनमालाबाईंनी मान खाली घातली. त्याच जाळ्यात रानातून उडत आलेलं एक पिल्लू होतं, सागाच्या सालीवर राहणाऱ्या चपट्या कोळ्याचं. ही जात आज या रानात कुठेच दिसत नाही. त्याच्या वरच्या थरांत खेकड्या कोळी, उड्या मारणारे, भोवऱ्यासारखी जाळी विणणारे असे एकाहून एक निघत होते. उत्तरेचं रान एका कोपऱ्यात उतरलं होतं.

तिसऱ्या दिवशी बडबड थांबली. चौथ्या दिवशी निमानं अर्धी भाकरी ताटात टाकली तेव्हा वनमालाबाई घाबरल्या. त्यांनी तिला हाताला धरून अंगणात बाजेवर बसवलं.

"काय झालं, सांग."

अंगणातल्या कमरेएवढ्या भिंतीपलीकडे जोसना कुरडया वाळत घालत होती. राऊतीण रिकामी वाटी परत द्यायला म्हणून आली होती आणि हलायचं नाव घेत नव्हती.

"सगळं वाया गेलं," निमा म्हणाली. "वणव्याच्या कितीतरी आधी, एका थरापासून कोळी एकदम कमी होतात. होतात म्हणजे काय, संपतातच. आणि त्याच थरापासून दर थरात तंबाखू आहे. भरपूर."

"तंबाखू?" वनमालाबाईंनी विचारलं. त्यांचा हात कमरेच्या डबीवर गेला.

"तंबाखू कीटकांना आणि कोळ्यांना मारतो. लोक पूर्वी त्याचा काढा करून पिकांवर फवारायचे ना? इतका तंबाखू म्हणजे सगळ्या शिवारात फवारणी झाली असणार, वाऱ्यानं रानात गेली असणार. म्हणजे कोळी वणव्यानं मेले नाहीत, ही हवाच त्यांना सोसत नव्हती. मी हे असंच लिहून पाठवलं की वरचे म्हणतील, मग दुसरीकडून कोळी आणून मरायला कशाला सोडायचे? योजना बंद. संध्याकाळपर्यंत पाठवायचंय."

"कोपरा कोनता व?" राऊतिणीनं मध्येच विचारलं.

"पश्चिमेचा. धाकट्या काकूंच्या दाराजवळचा."

"मंग झालं!" राऊतिणीचं बोट वर गेलं, बरोबर तसंच, जसं वीस-बावीस वर्षांपूर्वी गेलं होतं. "दिगंबरभाऊ संत्र्याले तंबाखूचा काढा मारत होते, मले चांगलं आठवते. त्याचं पिंप हे जोसना त्या दाराजवळ ठेवत असन. हिच्यापायी रानाचं वाटोळं झालं, पाहा!"

जोसनाच्या हातात कुरडई तशीच राहिली. ती नुसती भिंतीपलीकडून वनमालाबाईंकडे बघत राहिली.

राऊतीणही त्यांच्याकडेच बघत होती. हो म्हणायचीही गरज नव्हती, नुसतं गप्प राहिलं तरी भागलं असतं. गप्प राहिलं असतं तर अब्रू राहिली असती. त्या खोलीत पाय ठेवला नाही ही बढाई राहिली असती, आणि म्हातारपणी जावेच्या दाराला कान लावून बसणारी बाई म्हणून गावानं हसायचं टळलं असतं. वनमालाबाईंना ते सगळं एका क्षणात दिसलं. पण त्याहून स्पष्ट दिसले ते अडीचशे पोळ्या लाटून सुजलेले जोसनाचे हात, आणि जमिनीवर ठेवलेलं ते पुरणाचं ताट.

त्यांनी कमरेची डबी काढली आणि भिंतीवर ठेवली.

"काढा नाई तो," त्या म्हणाल्या. "हे हाय. माही तपकीर."

कुणालाच काही कळेना. निमा म्हणाली, "पण मावशी, तुम्ही तर त्या खोलीत कधी…"

"गेलती. जातो. रोज दुपारी जातो." एकदा सुरुवात झाल्यावर त्यांना थांबता येईना. "जोसनाले ताप आला तवापासून जातो. तिच्या दारापाशी बसतो. बरी हाय का नाई ते आयकतो. मले घरात गमत नाई, म्हून जातो. अन् तपकीर ओढतो, अन् शिंकतो. काय लिवायचं ते लिव तुह्या पेटीत! रानात कोनी काई फवारलं नाई. दिगंबरभाऊचा काढा तर कवाचाच बंद झाला. तुहे कोळी म्याच मारले, त्या एका कोपऱ्यातले."

बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. पुसायला पदर उचलला तर त्यालाही तपकिरीचा वास. त्यांना वाटलं, आता राऊतीण हसेल.

हसली जोसना. कुरडयांचं ताट बाजूला ठेवून ती भिंतीशी आली.

"मले माहीत होतं, बाई," ती म्हणाली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा त्यांच्याशी थेट बोलत होती.

"काय माहीत होतं?"

"तुमी येता ते. दाराखालून तपकिरीचा वास येते ना. अन् तुमी शिंक दाबता, तिचा कसा उंदराच्या चिरचिरीवानी आवाज येते! तापात मले वाटे, कोनीच नाई आपल्याले. मंग तो वास आला. म्या म्हटलं, मोठ्या बाई आल्या. आता काई मी मरत नाई."

वनमालाबाईंनी पदर खाली सोडला. "मंग बोलली काहून नाईस?"

"रोज तर बोलत होती!" जोसना म्हणाली. "मीठ जास्त झालं, बहार आला, नात झाली. भितीले कोन सांगते असं? तुमालेच सांगत होती. तुमी एका शब्दानं कवा उत्तर देल्लं नाई."

"मले वाटलं, तुह्या डोक्यावर परिनाम झाला."

"झालाच व्हता. तुमचा."

मग मात्र दोघी हसल्या आणि रडल्याही, आणि मध्ये कमरेएवढी भिंत असल्यामुळे धड मिठीही मारता येईना. वनमालाबाईंनी नुसते तिचे हात धरले. हात सुजलेले नव्हते, म्हातारे झाले होते.

राऊतीण वाटी घेऊन आली होती ती वाटी घेऊनच परत गेली. हे सगळं कुणाला आधी सांगावं, याची तिला घाई झाली होती.

निमा तोवर पेटी घेऊन खोलीत पळाली होती. तासाभरानं बाहेर आली ती नाचतच. तंबाखू दारापाशी सगळ्यात जास्त होता. दारापासून हातभर लांब कमी, दोन हातांवर नावाला, आणि खिडकीच्या चौकटीवरच्या जुन्या धाग्यांत तर नव्हताच. वाऱ्यानं आला असता तर खिडकीतून आला असता. म्हणजे कुठलाच फवारा रानातून किंवा शिवारातून आलेला नव्हता. चौकटीवरच्या त्याच धाग्यांत चपटा कोळी, खेकड्या, भोवऱ्या सगळे वणव्याच्या वर्षापर्यंत येत राहिले होते. रान आजारी नव्हतं, नुसतं जळलं होतं. जळलेलं परत आणता येतं.

"मावशी, मी हे चौकटीचे धागे बघितलेच नसते. शोधायचं काय हेच माहीत नव्हतं," ती म्हणाली. मग जरा कचरत, "अहवालात तपकिरीचं लिहावं लागेल. नाव घालणार नाही."

"घाल नाव," वनमालाबाई म्हणाल्या. "राऊतिणीनं आतापावेतो तालुकाभर केलं असन."

योजना मंजूर झाली. हिवाळ्यात कोळ्यांची पहिली खेप येणार होती, आणि चपटा कोळी त्यात सगळ्यात पुढे होता. त्याआधी भाद्रपद आला आणि काळबांड्यांच्या घरी इतक्या वर्षांनी महालक्ष्म्या बसल्या. जेठी पूर्वेच्या दारानं आली, कनिष्ठी पश्चिमेच्या, आणि मधल्या खोलीत दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. दागिने आपसांत वाटून घालताना जोसनानं कनिष्ठीची नथ जेठीला घातली आणि वनमालाबाईंनी ते मुद्दाम पाहिलं नाही. सोळा भाज्या झाल्या, आंबील झाली. पुरण यंत्रात वाटलं तरी पोळ्या दोघींनी हातानंच लाटल्या, या वेळी अर्ध्या अर्ध्या. निमा अमरावतीहून आली आणि तीन पोळ्या खाऊन चौथीकडे बघत बसली.

खोली झाडली होती, पण सगळी नाही. पश्चिमेचा कोपरा आणि खिडकीची चौकट तशीच ठेवा, मी दरवर्षी येऊन वाचणार, असं निमानं बजावलं होतं. खोलीत तपकीर बंद झाल्यापासून त्या कोपऱ्यात पुन्हा वर्दळ सुरू झाली होती.

जेवणाच्या पंगतीत राऊतिणीची मान सवयीनं वर गेली.

"व माय! कनिष्ठीच्या डोक्यावर जळमट!"

सगळ्या बायका वर बघू लागल्या. खरंच होतं. एवढंसं नवं जाळं, आणि मधोमध खसखशीच्या दाण्याएवढी कातीण बसलेली. वनमालाबाईंनी वाढता वाढता हातातलं पुरणाचं ताट खाली ठेवलं नाही.

"हाय ना," त्या म्हणाल्या. "ते माह्यं काम होतं. म्या मुद्दाम नाई काढलं."

जोसना तुपाची वाटी घेऊन मागेच उभी होती. ती त्यांच्या कानाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "बाई, डबी भायेर ठेवली ना?"

"ठेवली व," वनमालाबाई म्हणाल्या, आणि तरी एकदा कमरेवर हात फिरवून खात्री करून घेतली.